सामाजी हसाजी कोण होते?



इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, दिमोना या शहरांत आजही दिवेकर, पेणकर, आपटेकर, पनवेलकर अशी आडनावं भेटतात. ही बेने इस्राएल मंडळी. पूर्वजांचं गलबत अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला फुटलं आणि सात जोडपी वाचली, ही त्यांच्या घराघरांत सांगितली जाणारी हकिगत. पुढे हा समाज कुलाबा जिल्ह्याच्या गावोगावी पसरला, तेलाचे घाणे चालवू लागला. शनिवारी घाणा बंद, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणू लागले. पनवेलमध्ये त्यांचं बेथ एल सिनेगॉग 1849 सालचं. 1948 नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. आता त्यांची नातवंडं पणजोबांचं घर शोधत कोकणात येतात.

आडनाव त्यांना गावापर्यंत आणून सोडतं. माणूस मात्र सापडतो तो सरकारी दप्तरात.

दप्तरात शिरण्याआधी नावाची गाठ सोडवावी लागते. मुंबईतलं पहिलं सिनेगॉग 1796 साली बांधणारे सॅम्युएल एझिकेल दिवेकर चारचौघांत ओळखले जात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून. जुन्या कागदांत ‘सॅम्युएल’ शोधणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. तिथे ‘सामाजी’च असतो. तोही बहुधा मोडीत. मोडी लिहिणारा आधी पानभर आडवी रेघ ओढतो आणि मग तिला अक्षरं टांगत जातो. दोन शब्दांत जागा नाही, त्यामुळे बापाचं नाव कुठे संपलं आणि गावाचं कुठे सुरू झालं हे मोडी वाचणाऱ्या जाणकारालाच कळतं.

शोधाची सुरुवात करावी आजच्या सातबाऱ्यापासून. त्यावर फेरफार क्रमांक असतात. प्रत्येक फेरफार एक घटना सांगतो: अमुक मयत, वारस तमुक, किंवा जमीन विकली, गहाण ठेवली. त्या क्रमांकांच्या मागे मागे गेलं की एकेक पिढी वर येते. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात गाव नमुना 14 मिळतो. हीच जन्ममृत्यूची नोंदवही, गावाकडे जिला कोतवाल बुक म्हणतात. खुद्द पनवेल शहरातल्यांनी नगरपालिकेचं दप्तर विचारावं. ती 1852 सालची, आता महानगरपालिका झालेली. घर विकलं असेल तर दुय्यम निबंधकांकडे 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दोन सूच्या असतात: एक माणसांच्या नावांची, दुसरी मिळकतींची.

आणि सर्वांत बोलका कागद कोर्टात. मुंबई इलाख्याच्या 1827 च्या आठव्या रेग्युलेशनखाली दिवाणी न्यायालय आजही वारस दाखला देतं. त्यासाठी अर्जदाराला मयताशी आपलं नातं मांडावं लागतं, जाहीरनामा निघतो, हरकती मागवल्या जातात. भावाभावांत वाद झाला असेल तर जबान्याही होतात. त्या काळी ज्या भांडणाने घर फुटलं, त्याच्याच कागदांतून पणतवंडाला आख्खी वंशावळ मिळते.

बेने इस्राएलांच्या बाबतीत या दाखल्याला आणखी एक मोल आहे. 1925 चा भारतीय उत्तराधिकार कायदा ज्यूंना लागू होतो, आणि त्यात मुलगा-मुलगी यांना सारखा वाटा आहे. म्हणून वारसांच्या यादीत लेकींची नावं येतात. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींनी बेने इस्राएलांच्या लग्नाआधी आईकडच्या पिढ्या तपासण्याचा आदेश काढला, तेव्हा हीच नावं हवी होती. समाजाने मोठं आंदोलन केलं आणि 1964 साली त्यांना सर्वार्थाने ज्यू मानण्यात आलं. तो अपमान वडीलधारी माणसं अजून विसरलेली नाहीत.

जिल्ह्याचीही एक खूणगाठ बांधावी. 1882 च्या गॅझेटियरमध्ये पनवेल ठाणे जिल्ह्यात आहे. नंतर ते कुलाब्यात आलं, आणि 1981 साली कुलाब्याचा रायगड झाला. अलिबागला कागद मिळाला नाही तर निराश होऊ नये, ठाण्याला जाऊन विचारावं.

शोधाच्या अर्जावर गाव, तालुका, अंदाजे साल आणि नाव लिहायचं असतं. निघण्यापूर्वी घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या बाईंजवळ बसावं आणि पणजोबांना चारचौघांत कोणत्या नावाने ओळखत, ते विचारून घ्यावं. अर्जाच्या पहिल्या ओळीत तेच नाव लिहावं.