शुक्रवारची सुट्टी रविवारी

पूर्वी दुबईतल्या नातेवाइकाला रविवारी फोन लावला, की तो हमखास कामावर असायचा. तिथली साप्ताहिक सुट्टी शुक्रवार-शनिवारची. १ जानेवारी २०२२ पासून संयुक्त अरब अमिरातीच्या सरकारने ती शनिवार-रविवारी नेली. कारण व्यवहाराचं होतं. शुक्रवारी जगभरच्या बँका, शेअर बाजार चालू, आणि तिथे सगळं बंद!

मग जुम्म्याच्या नमाजाचं काय? सरकारी कचेऱ्या शुक्रवारी दुपारी १२ वाजता सुटू लागल्या. खुतबा, म्हणजे प्रवचन, आणि नमाजाची वेळ तेव्हा देशभर सव्वा वाजताची ठरली. ही सोय मला फार समंजस वाटते. दुबईच्या शेजारच्या शारजा अमिरातीने तर शुक्रवारही सोडला नाही. तिथे सरकारी नोकरांना आठवड्याला तीन दिवस सुट्टी मिळाली.