डिकीच्या आतली कडी



मी मोटारीवर बोलणार म्हटल्यावर पुष्कळजणी हसल्या. पण तिच्यात बसणाऱ्या आपण आणि तिच्याभोवती खेळणारी पोरेही आपलीच ना?

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरी जॅनेट फेनेल नावाच्या बाई राहत. १९९५ च्या ऑक्टोबरात एका रात्री त्या, त्यांचे यजमान व नऊ महिन्यांचे बाळ घरी परतले, तोच दोघा लुटारूंनी पिस्तुले रोखून नवराबायकोस मोटारीच्या डिकीत कोंडले व गाडी पळवली. आत मिट्ट काळोख, आणि बाळ कुठे आहे हेही कळेना! चोर निघून गेल्यावर बाईंनी आतले अस्तर ओढून काढले, तारा चाचपल्या. एक तार ओढताच झाकण उघडले. बाळ घराबाहेर सुखरूप सापडले.

आपण देवापुढे नारळ फोडला असता, आणि त्यात वावगे काही नाही. पण बाई विचारू लागल्या, की हे झाकण आतून का उघडू नये? सरकारी खात्यापाशी अशा घटनांची नोंदच नव्हती. नोंद नाही म्हणजे अडचणही नाही, असा तो हिशेब! मग बाईंनीच एकेक घटना जमवली. १९९८ च्या उन्हाळ्यात तिकडे अकरा मुले डिकीत अडकून दगावली. उन्हातली गाडी आतून कशी भट्टीसारखी तापते, हे तुम्हांला सांगायला नको. तेव्हा कुठे तज्ज्ञांची समिती बसली, आणि १ सप्टेंबर २००१ पासून तिथल्या डिकीच्या प्रत्येक नव्या मोटारीत आतून उघडायची सोय सक्तीची झाली. अंधारात चमकणारी मूठ असते ती.

पुढे मागे येणाऱ्या गाडीखाली सापडणाऱ्या मुलांसाठीही त्या झटल्या. कायदा २००८ साली झाला, पण मागचे दाखवणारा कॅमेरा नव्या गाड्यांत सक्तीचा व्हायला मे २०१८ उजाडले. दहा वर्षे!

आपल्याकडे फटफटीच्या मागल्या चाकाला पदर अडकू नये म्हणून आडोसा हवा, असे १९८९ च्या केंद्रीय नियमांतच आहे. तरी शोभा जाते म्हणून मुलगे साडीगार्ड काढून टाकतात. मागे बसणारीला कोण विचारतो?

तुमच्या घरी किंवा शेजारी मोटार असेल, तर डिकी आतून उघडते का ते मालकाला विचारा. उघडत नसेल, तर किल्ली पोरांच्या हाताला लागेल अशी खुंटीवर टांगू नका.