मेंदूतली गाठ मेद कुठून आणते?



मेंदूत गाठ असल्याचं निदान झालं की घरची माणसं आधी ऑपरेशनचं विचारतात, मग खर्चाचं. आणि निघता निघता विचारतात, "यांचं तेल-तूप बंद करू का?" या प्रश्नाचं सरळ उत्तर मी आज देणार आहे. त्यासाठी मेंदू आणि मेद यांचं नातं आधी समजून घ्यावं लागेल.

शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम २ टक्के. पण शरीरातलं सुमारे २० टक्के कोलेस्टेरॉल एकट्या मेंदूत असतं. त्यातलं बरंचसं मायलिनमध्ये, म्हणजे चेतातंतूंना वेढणाऱ्या स्निग्ध आवरणात. हे कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही. मेंदूतल्या रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातल्या कोलेस्टेरॉलला आत येऊ देत नाहीत. मेंदू आपल्यापुरतं कोलेस्टेरॉल स्वतःच तयार करतो. प्रौढपणी हे काम मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी करतात आणि चेतापेशींना ते पुरवतात. हवं तेवढंच बनवायचं आणि जास्तीचं बाहेर टाकायचं, ही निरोगी मेंदूची शिस्त आहे.

ग्लिओब्लास्टोमा ही शिस्त मोडतो. मोठ्या माणसांच्या मेंदूतच उगम पावणाऱ्या कर्करोगांमध्ये हा सर्वाधिक आढळतो आणि तो अत्यंत घातक आहे. २००५ मध्ये ५७३ रुग्णांवरच्या एका चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. नुसत्या किरणोपचारांवर रुग्णांचं मध्यक आयुर्मान १२.१ महिने होतं. जोडीला टेमोझोलोमाइड हे केमोथेरपीचं औषध दिल्यावर ते १४.६ महिने झालं. आजही उपचारांचा पाया तोच आहे. हे अडीच महिने कुटुंबाला मोलाचे असतात, पण पुरेसे मुळीच नाहीत. म्हणूनच ही गाठ कशावर पोसली जाते, हे शोधणं भाग आहे.

कर्करोगाच्या पेशी साखर वेगळ्या रीतीने वापरतात, हे ओटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकात दाखवलं. पण एका पेशीच्या दोन व्हायच्या तर नुसती साखर पुरत नाही, नवं पेशीपटल लागतं. ते घडतं मेदापासून आणि कोलेस्टेरॉलपासून.

निरोगी पेशीत मेदनिर्मितीचा हुकूम एसआरईबीपी नावाची प्रथिनं देतात. कोलेस्टेरॉलच्या नियमनासाठी १९८५ चं नोबेल मिळवणाऱ्या ब्राऊन आणि गोल्डस्टीन यांच्याच प्रयोगशाळेत पुढे ती सापडली. पेशीत कोलेस्टेरॉल पुरेसं झालं की ती केंद्रकापर्यंत पोचत नाहीत आणि निर्मिती मंदावते. ग्लिओब्लास्टोमात हा लगाम सुटतो. साधारण निम्म्या गाठींत ईजीएफआर या जनुकाच्या प्रती बेसुमार वाढलेल्या असतात. तिथून सतत निघणारे वाढीचे संदेश एसआरईबीपी-१ ला स्वस्थ बसू देत नाहीत. मग पेशी मेदाम्लं बनवत सुटते आणि आसपासचं कोलेस्टेरॉलही ओढून घेते. पॉल मिशेल, देलियांग गुओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही साखळी उलगडली.

एवढा मेद सुटा राहिला तर पेशीलाच मारक ठरतो. म्हणून गाठीतली पेशी तो थेंबांच्या रूपात साठवते, जशी सुगीनंतर कणगी भरावी. गुओ यांच्या गटाने २०१६ मध्ये दाखवलं की ग्लिओब्लास्टोमात असे थेंब आढळतात, निरोगी मेंदूत आढळले नाहीत. हा साठा करणारं एसओएटी-१ हे विकर रोखलं तेव्हा उंदरांमधल्या गाठींची वाढ मंदावली. त्याच वर्षी मिशेल यांच्या गटाने एलएक्सआर-६२३ हे औषध वापरून पेशींमधलं कोलेस्टेरॉल घटवलं. गाठीच्या पेशी मेल्या आणि उंदीर जास्त जगले.

उंदरांमधलं यश म्हणजे माणसांवरचा उपचार नव्हे, हे मी आवर्जून सांगतो. तरी चयापचयावर घाव घालण्याची दिशा बरोबर आहे. २०२४ मध्ये अमेरिकेत वोरासिडेनिब या गोळीला मान्यता मिळाली. ती मेदावर काम करत नाही. मेंदूच्या कमी तीव्रतेच्या काही गाठींमध्ये बिघडलेलं आयडीएच हे विकर ती रोखते. पण चयापचयातलं एक विकर अडवून मेंदूतल्या गाठीची वाढ लांबवता येते, हे तिने रुग्णांमध्ये सिद्ध केलं.

आता तेल-तुपाचं उत्तर. मेंदूतलं कोलेस्टेरॉल जेवणातून येत नाही, हे आपण पाहिलं; तूप बंद केल्याने ही गाठ सुकत नाही. कर्बोदकं तोडून मेद वाढवणाऱ्या कीटो आहाराने आयुष्य वाढतं, हेही सिद्ध झालेलं नाही. कोलेस्टेरॉलच्या स्टॅटिन गोळ्या गाठीसाठी म्हणून मनाने सुरू करू नका. किरणोपचार आणि केमोथेरपी यांनी रुग्णाची भूक मरते, स्टेरॉइडने स्नायू झिजतात. त्याला पोटभर, रुचेल असं जेवण द्या. पथ्य डॉक्टरांनी आणि आहारतज्ज्ञांनी सांगितलं असेल तेवढंच पाळा.

माझी विनंती एवढीच आहे. काढलेल्या गाठीची आयडीएच तपासणी आणि टेमोझोलोमाइड कितपत लागू पडेल याचा अंदाज देणारी एमजीएमटी तपासणी झाली का, हे विचारा. आपल्या रुग्णाला चालेल अशी नव्या उपचाराची एखादी चाचणी सुरू आहे का, तेही विचारा. मुंबईच्या टाटा मेमोरियलसारख्या रुग्णालयात गाठीचा अंश संशोधनासाठी जपण्याची संमती मागितली, तर शंका निरसून घ्या आणि मनापासून संमती द्या. उंदरांमधलं ज्ञान माणसांपर्यंत आणायचं, तर त्यासाठी माणसांच्याच गाठींचा अभ्यास व्हायला हवा.