खाडीच्या मुखाबाहेर पहिल्यांदा जाताना

आज बचत गटाच्या हिशेबाचं काही नाही. आज होडीबद्दल बोलायचं आहे.

आमच्या डोंबिवलीच्या खाडीकाठच्या गटात एक ताई आहेत. वीस वर्षं डोक्यावर पाटी घेऊन मासे विकतात. माहेर भाईंदरकडचं, वसईच्या खाडीवर. भाऊ तांडेल, घरची होडी. गेल्या वर्षी बैठकीत त्या म्हणाल्या, "गिऱ्हाईक विचारतं, मावरं ताजं आहे का? मी हो म्हणते. पण ते येतं कुठून, तो दर्या मी खाडीच्या मुखाबाहेर जाऊन कधी बघितलाच नाही." बाया हसल्या, मग गप्प झाल्या. त्यातल्या बहुतेकींचं तसंच होतं.

तसं पाहिलं तर आपलं पाणी जुनं आहे. 1657 साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी कल्याणच्या खाडीत जहाजं बांधायला घेतली. तीही याच उल्हास नदीच्या पाण्यातून, वसईच्या मुखातूनच समुद्राला लागणार. पण त्या कामात बायकांचं नाव कुठे ऐकलंत? "बायकांनी दर्यात जायचं नसतं," हे ताईंच्या सासूबाईंनी तेव्हाही सांगितलं आणि आम्ही परत आल्यावरही सांगितलं.

आम्ही सहा जणी जायचं ठरलं. आणि पहिल्या वेळी आम्ही चुकलो, ते आधी सांगते.

सगळ्यांना सुट्टी म्हणून आम्ही रविवार धरला. तांडेल दादा म्हणाले, "रविवार दर्याला कळत नाही, तिथी सांगा." आम्ही ऐकलं नाही. त्या दिवशी द्वितीया होती, अमावास्येनंतरची. उधाणाचे दिवस. डबे, पाणी, कोणाचा मुलगा रडला, असं करत निघायलाच साडेअकरा झाले. मुखाशी पोहोचलो तेव्हा अडीच वाजत आले होते. ओहोटी जोरात बाहेर ओढत होती आणि समोरून दुपारचा वारा आत येत होता. पाणी एकीकडे, वारा दुसरीकडे. अशा वेळी मुखावर लाट लांब राहत नाही, उभी राहते. नाळ वर जायची आणि धाडकन खाली आपटायची. दोघींना बोट लागली. आणि तरी एक जण म्हणत होती, "एवढं आलोय तर पाचच मिनिटं बाहेर जाऊ." खरं सांगते, ती मीच होते. दादांनी काही न बोलता सुकाणू फिरवलं. काठावर लोक हसले. त्यांचं हसणं मला आठवडाभर टोचत होतं.

पुढच्या बैठकीत आम्ही इतिवृत्ताच्या वहीत ठराव लिहिला. कर्जाचा लिहितो तसाच, सह्यांसकट. परत फिरण्याची वेळ काठावर ठरवायची, पाण्यात नाही. ठरल्या वेळेला जिथे असू तिथून परत, मग मुख शंभर हातांवर असलं तरी. होडीत मळमळत असताना, लाज वाटत असताना माणूस नीट विचार करत नाही. मी केला नव्हता.

मग तिथी शिकलो. कोळ्यांचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करा, भरतीची वेळ येते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. ढोबळ हिशेब आहे, आणि खाडीत जसजसे आत जाल तसतशी भरती उशिरा लागते. आता अष्टमी बघा. सकाळी सहाच्या सुमाराला भरती, मग दुपारी बारापर्यंत ओहोटी. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा असतो. म्हणजे पाणी बाहेर, वाराही बाहेर, लाट सपाट. दुपारी पाणी उलटतं आणि खारा वारा समुद्रावरून आत येतो. म्हणजे परतताना दोन्ही पाठीशी. शिवाय अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याला उधाणाची ओढ नसते. शाळेत खारे वारे, मतलई वारे पाठ केले होते, त्याचा उपयोग मला बी.ए. होऊन इतक्या वर्षांनी कळला.

महिनाही बघायचा. 1 जून ते 31 जुलै तर मासेमारीच बंद असते. नारळी पौर्णिमेला नारळ वाहिला म्हणून नवख्यांसाठी दर्या लगेच शांत होत नाही. आम्ही जानेवारी धरला. आदल्या दिवशी हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इन्कॉइस संस्थेचा लाटांचा अंदाज, दोन्ही पाहिले. आपल्याकडे वारा नसला तरी दूर दक्षिणेच्या समुद्रातल्या वादळाच्या लाटा इथवर येतात, म्हणून नुसतं आभाळ बघून चालत नाही.

जाण्याआधी खाडीतच दोन रविवार सराव केला. सुका नारळ पाण्यात टाकायचा आणि समजायचं की आपली बाई पडली. एकीने ओरडायचं, एकीने तरंगणारं टायर फेकायचं, आणि एकीने फक्त नारळाकडे बोट दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही. पहिल्या वेळी नारळ उचलायला आम्हाला अकरा मिनिटं लागली. शांत खाडीत! त्यानंतर लाइफ जॅकेट गरम होतं ही तक्रार कोणी केली नाही. जॅकेट होडीत ठेवून उपयोग नाही, काठावरच घालायचं, पट्टे आवळायचे आणि कमरेइतक्या पाण्यात उभं राहून बघायचं की ते वर सरकून गळ्याशी येत नाही ना. कपडे सलवार-कमीज, नाहीतर घट्ट काष्टा. मोकळा पदर दोरीत किंवा इंजिनात अडकतो.

आता एक गोष्ट कोणी सांगत नाही, मी सांगते. लघवीला जायला लागेल म्हणून बायका पाणी पीत नाहीत. उन्हात, खाऱ्या वाऱ्यात सहा तास पाण्याशिवाय म्हणजे चक्कर ठरलेली. आम्ही एक बादली आणि आडोशाला जुनी साडी नेली. दादा तेवढा वेळ पुढे तोंड करून बसायचे. झालं.

उपाशी जाऊ नका, तेलकटही खाऊ नका, भाकरी बरी. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या तासभर आधी. मळमळलं तर मोबाइल बघू नका, लांब क्षितिजाकडे बघा. इंधनाचे तीन भाग करा. एक जायला, एक यायला, एक शिल्लक. नांगर, दोरी, वल्ही, पाणी उपसायला डबा, शिटी, बॅटरी, प्लॅस्टिकच्या पिशवीत फोन, आधार कार्ड. आणि पैसे घेऊन पाहुणे न्यायचे असतील तर महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाची परवानगी लागते, घरच्या होडीवर ते चालणार नाही.

सातवी बाई काठावर. आमच्या मावशींकडे कागद दिला होता. सहा जणी आणि दादा यांची नावं, होडीचा रंग आणि नंबर, परत फिरायची वेळ साडेअकरा, घरी पोहोचायची वेळ दोन. तीनपर्यंत फोन आला नाही तर 1554 तटरक्षक दल आणि 1093 सागरी पोलीस. "बघू, येतील" असं म्हणत बसायचं नाही.

नौदलाच्या सहा मुली तारिणी या शिडाच्या बोटीतून 10 सप्टेंबर 2017 ला गोव्याहून निघाल्या आणि जगाला फेरी मारून 21 मे 2018 ला परतल्या. शेवटच्या टप्प्यात सुकाणूत बिघाड झाला, तर त्यांनी ठरलेलं नसताना मॉरिशसला बोट घातली, दुरुस्त केली, मग गोवा गाठलं. त्यांची फेरी अपुरी राहिली असं कोणी म्हटलं नाही. हे मी ताईंच्या सासूबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या नौदलाच्या."

अष्टमीला सात वाजता निघालो. नऊच्या आत उजव्या हाताला वसईचा किल्ला मागे पडला आणि होडी हलण्याची तऱ्हाच बदलली, खाडीतल्यासारखी थडथड नाही, लांब आणि सावकाश वर-खाली. दादांनी इंजिन बंद करून शीड चढवलं. ताई नाळेशी बसल्या होत्या. त्या बराच वेळ बोलल्या नाहीत, मग एवढंच विचारलं, "दादा, रात्रीचं पण इथूनच जाता?" दादा म्हणाले, "इथून पुढे, लांब."

साडेअकरा वाजले तेव्हा डावीकडे उत्तनचा किनारा छान दिसत होता आणि कोणालाच परतायचं नव्हतं. वहीतल्या सह्या आठवल्या. फिरलो. दोनला दहा मिनिटं कमी असताना मावशींना फोन केला. त्यांनी एकेका नावापुढे खूण केली आणि विचारलं, "बोंबील आणलेत का?"

ज्यांना जायचं असेल त्यांनी गटाच्या बैठकीत नाव द्या. वार आम्ही ठरवणार नाही. पंचांग बघून कळवू.