हानलेचा जपलेला काळोख

लडाखमध्ये, चीनच्या सीमेजवळ हानले नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या डोंगरावर, सुमारे 4,500 मीटर उंचीवर वेधशाळा आहे. तिची 2 मीटर व्यासाची दुर्बीण चालवली जाते ती थेट बंगळूरजवळच्या होसकोटेहून, उपग्रहामार्फत! वेधशाळेला हवा असतो निखळ काळोख, म्हणून 2022 मध्ये भोवतालचा 22 किलोमीटर त्रिज्येचा परिसर राखीव जाहीर झाला.

मला खरं कौतुक गावकऱ्यांचं वाटतं. खिडक्यांना जाड पडदे, रात्री गाड्यांचे प्रखर दिवे बंद. गावातल्याच 24 जणांना प्रशिक्षण आणि दुर्बिणी मिळाल्या. आता हेच लोक पाहुण्यांना अंगणात उभं करून आकाश दाखवतात.

तिथे गेलात तर मोबाईल आधी खिशात ठेवा. डोळे अंधाराला सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि पडद्याचा एक लखलखाट ती सगळी तयारी पुसून टाकतो. उजेड लागलाच, तर मंद लाल. मग धनू राशीच्या बाजूनं वर चढत गेलेली आकाशगंगा दिसते, तिच्यातल्या काळ्या धूळपट्ट्यांसकट. त्यासाठी जून ते सप्टेंबरमधली अमावास्येच्या आसपासची रात्र निवडा. आणि हो, लेहला दोन-तीन दिवस थांबून विरळ हवेची सवय करूनच पुढे निघा.