चाकाची वीणा : घडविण्यास आरंभ कोठून करावा?

(मंडळाच्या कोलकाता येथील सभेत दिलेले भाषण)



आजच्या विषयातील 'हर्डी-गर्डी' हे नाव वाचून आपणांपैकी काहींस रस्त्यावर मूठ फिरवून वाजविण्याची बाजाची पेटी आठवली असेल. हा समज स्वाभाविक आहे, कारण इंग्रज लोकही त्या पेटीस याच नावाने ओळखीत आले. परंतु त्या पेटीत गाणे आधीच भरून ठेवलेले असते आणि मूठ फिरविणाऱ्यास सुराचे ज्ञान असण्याचे कारण नसते. आम्ही ज्या वाद्याविषयी बोलणार आहोत ते अस्सल तंतुवाद्य आहे. व्हायोलिनच्या गजाची दोन टोके जोडून त्याचे चाक केले आणि ते तारांखाली बसविले, अशी कल्पना करावी. उजव्या हाताने मूठ फिरवावयाची, म्हणजे राळ लावलेले लाकडी चाक तारांस अखंड घासत राहते. डाव्या हाताने पट्ट्या दाबावयाच्या, म्हणजे पट्टीवरची लहानशी लाकडी खुंटी तारेस टेकून स्वर निघतो. यांखेरीज ज्या तारांना पट्ट्या नाहीत त्या आपल्या तंबोऱ्याप्रमाणे एकच सूर धरून असतात. फरक इतकाच की तंबोरा छेडावा लागतो, येथे सूर क्षणभरही तुटत नाही.

या वाद्याची वंशावळ मोठी आहे. बाराव्या शतकात ते इतके लांब होते की दोन माणसे ते मांडीवर आडवे घेऊन वाजवीत, एक मूठ फिरवी व दुसरा पट्ट्या सांभाळी. स्पेनमधील सांतियागो दे कोम्पोस्तेला येथील देवालयाच्या महाद्वारावर अशी जोडी दगडात कोरलेली आहे, आणि त्या द्वाराच्या शिलालेखात 1188 हे साल आहे. पुढे वाद्य आखूड झाले, एकट्याचे झाले, आणि भिकाऱ्यांच्या हाती गेले. अठराव्या शतकात व्हर्सायच्या बातों नावाच्या कारागिराने जुन्या गिटारींची व ल्यूटांची खोकी घेऊन त्यांत चाके बसविली, तेव्हा फ्रान्समधील उमराव स्त्रियांना त्याचे वेड लागले. नेपल्सच्या राजासाठी हायडनने 1786च्या सुमारास या जातीच्या वाद्याकरिता रचना केल्या, आणि 1827 मध्ये शूबर्टने आपल्या हिवाळी गीतमालेच्या अखेरीस उभा केला तो पुन्हा बर्फात अनवाणी उभा असलेला भिकारी वादकच. राजवाडा आणि रस्ता यांमध्ये इतक्या येरझारा घातलेली वाद्ये फार नसतील.

असो. आपल्या मंडळातील काही तरुणांनी हे वाद्य स्वतः घडवावयाचे मनावर घेतले आहे, आणि आरंभ कोठून करावा हा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न लहान नाही. यात लाकूड आहे, पैसा आहे, आणि नोकरी-अभ्यास सांभाळून काढलेल्या वर्षभराच्या रविवारांचा हिशेब आहे. नवशिक्याचे लक्ष साहजिकच खोक्याकडे जाते, कारण ते डोळ्यांना दिसते. सुंदर पाठ वाकविलेली, कडेला नक्षी केलेली आणि चाकावाचून मुकी राहिलेली खोकी हा या छंदाचा नेहमीचा शेवट. म्हणून आमचे सांगणे एकच : आरंभ चाकापासून करावा. चाक साधले तर साध्या फळ्यांच्या पेटीतूनही वाद्य बोलेल.

फ्रेंच धाटणीच्या वाद्यात चाकाचा व्यास सुमारे 17 सेंटीमीटर असतो. तारा त्यावर अगदी हलक्या टेकलेल्या असतात, त्यामुळे चाकाची कड किंचितही उंचसखल असली तर दर फेऱ्याला आवाज एकदा फुगतो आणि एकदा मरतो. कडेतील हा फरक मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आत आणावा लागतो. आता लाकडाचा स्वभाव पाहा. ते ओल धरते तेव्हा रेषेच्या दिशेने जवळजवळ वाढत नाही, रेषेला आडवे मात्र फुगते. म्हणजे एका अखंड फळीतून कापलेले गोल चाक आषाढात लंबगोल होणार! कोलकात्याची हवा ज्यांनी एक पावसाळा सोसली आहे, ज्यांच्या कपाटांची दारे श्रावणात लागत नाहीत, त्यांना हे अधिक सांगावयास नको. उपाय असा की चाकाचा गाभा उत्तम प्लायवूडचा घ्यावा, कारण त्यात पापुद्र्यांच्या रेषा एकमेकींस छेद देतात, आणि त्याच्या कडेवर घट्ट लाकडाची पातळ पट्टी वाकवून चिकटवावी.

दुसरी गोष्ट, चाक लेथवर गोल कातून मग आसावर ठोकू नये. ते प्रथम पोलादी आसावर पक्के करावे, आस त्याच्या बेअरिंगांसह चौकटीत बसवावा, आणि मग त्याच जागी फिरवून अखेरची कड उतरवावी. चाक ज्या आसावर आयुष्यभर फिरणार त्याच आसाभोवती ते गोल असले पाहिजे. इतर कोणत्याही केंद्राभोवती असलेला त्याचा गोलपणा कामाचा नाही. या कामी आपण भाग्यवान आहोत. पूल ओलांडला की हावडा, आणि तेथे लहानमोठ्या लेथांना तोटा नाही. आस सरळ कातून घेणे आणि त्यावर मुठीचा दांडा बसविणे हे तिथल्या कारागिराचे घटकाभराचे काम आहे. खुंट्या, तारा आणि राळ यांसाठी चितपूरचा जुना रस्ता, म्हणजे आजची रवींद्र सरणी, आहेच.

पट्ट्यांचे काम हे गणिताचे काम आहे. तारगहनापासून घोडीपर्यंत तारेची लांबी 345 मिलिमीटर धरली, तर पहिल्या अर्धस्वराची खुंटी तारगहनापासून 19.4 मिलिमीटरवर येते, दुसरी तिच्यापुढे 18.3 वर, आणि याप्रमाणे अंतर घटत घटत तार षड्ज बरोबर मध्यावर, 172.5 वर येतो. दुसऱ्या सप्तकाच्या शेवटी दोन खुंट्यांत जेमतेम 5 मिलिमीटर उरतात. तेथे एका मिलिमीटरची चूक म्हणजे अर्धस्वराचा पाचवा हिस्सा. म्हणून खुंटी पट्टीत घट्ट चिकटवीत नाहीत, ती किंचित वळेल अशी बसवितात, आणि अखेरचा सूर कानाने लावतात. पट्टी स्वतःच्या वजनाने परत पडावयाची असते, तिला स्प्रिंग नसते. तेव्हा खाच पावसाळ्यातही सैल राहील इतकी मोकळी ठेवावी.

फ्रेंच वाद्यात एका तारेखाली निराळी घोडी असते. तिचा एक पाय तबलीवर टेकलेला, दुसरा सुटा. मुठीला मनगटाचा झटका दिला की सुटा पाय तबलीवर थरथरतो आणि आवाजाला खरखरीत धार येते. हा गुरगुरणारा तुकडा म्हणून फ्रेंच लोक त्याला 'कुत्रा' म्हणतात! मिरजेचा तंबोरा ज्यांच्या घरी आहे त्यांना यात नवल वाटू नये. आपणही तारेखाली सुताचा धागा सरकवून जवारी काढतो; जवारी सतत बोलते, कुत्रा मात्र वादक भुंकवील तेव्हाच भुंकतो. त्याचा नाद पहिल्या वाद्यात धरू नये.

पहिले वाद्य कोणते, हे त्यावरून ठरते. तेराव्या शतकातील स्पॅनिश हस्तलिखितांच्या चित्रांत या वाद्याचा एक चौकोनी, पेटीसारखा प्रकार दिसतो. त्याला वाकविलेली पाठ नाही, नक्षी नाही. एक गाणारी तार, षड्ज व पंचमाच्या दोन धरत्या तारा, आणि शुद्ध स्वरांच्या दहाबारा पट्ट्या इतके पुरे. सहा तारांचे, तेवीस पट्ट्यांचे फ्रेंच वाद्य दुसऱ्या खेपेस करावे. सुट्या भागांचे तयार संच परदेशांत मिळतात. ते मागवावयाचे असल्यास चाक आसावर बसवून तयार येते की नाही, एवढे विचारून घ्यावे. बाकी भाग आपल्या सुतारास जमण्यासारखे आहेत.

आणि शेवटी कापूस. चाक कितीही उत्तम असो, उघडी तार त्यावर किंचाळते आणि घासून जाते. म्हणून चाकाशी टेकणाऱ्या जागी तारेवर कापसाचे पातळ वेष्टन देतात. पेळूतून चिमूटभर लांब धाग्याचा कापूस विलग करावा, त्याचे टोक तारेखाली धरावे, आणि चाक सावकाश फिरवावे. चाकच तो तारेभोवती गुंडाळून घेते. जास्त झाला तर आवाज घोगरा, कमी झाला तर कर्कश. एकदा गुंडाळल्यावर मूठ उलटी फिरवू नये, वेष्टन उसवते. चाकाच्या कडेला बोट तर कधीच लावू नये, कारण हाताचे तेल राळेला मारते. कापूस किती घ्यावा याचे माप कोणत्याही आराखड्यात मिळत नाही. परंतु या सभेत देवघरातल्या फुलवाती वळणाऱ्या निदान वीसएक आजी आणि काकू बसल्या आहेत. चिमटीतला कापूस किती आणि त्याला पीळ किती हे त्यांच्या बोटांना ठाऊक आहे. पहिले चाक तयार झाले की आमच्या तरुण मित्रांनी प्रथम त्यांच्याकडे जावे.