थंडीची आठवण आणि थंडीची नोंद
(हीरक महोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



‘खरी थंडी आमच्या वेळी पडत असे,’ हे वाक्य डिसेंबर लागला की घरोघरी ऐकू येते. ते तापमापकापुढे उभे केले तर काय होते?

झाशीच्या दक्षिणेस बबीना ही लष्करी छावणी आहे. रणगाड्यांच्या सरावाची विस्तीर्ण मैदाने आणि बुंदेलखंडाचे उघडे ग्रॅनाइट. सातारा-कोल्हापुराकडून बदली होऊन तेथे गेलेल्या जवानाच्या कुटुंबाला पहिल्याच वर्षी दोन्ही टोके दिसतात. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांनी भाजणारी भूमी जानेवारीच्या पहाटे चार-पाच अंशांवर उतरते. पुणे सुमारे ५६० मीटर उंचीवर, झाशीचा परिसर जवळजवळ त्याच्या निम्म्यावर. तरी थंडी तिकडेच अधिक. बबीना कर्कवृत्ताच्या उत्तरेस आहे. २२ डिसेंबरला माध्यान्हीचा सूर्य पुण्यात क्षितिजापासून ४८ अंश वर येतो, तेथे अवघा ४१ अंश. त्यात पश्चिमी विक्षोभ पुढे सरकला की उत्तरेचा कोरडा वारा सुटतो आणि निरभ्र रात्री जमिनीची ऊब विनाअडथळा आकाशात निघून जाते. धुके दाटले तर दुपारीही ऊन नाही. त्या हाडांत शिरणाऱ्या गारठ्याला तेथील लोक ‘गलन’ म्हणतात. मराठीत हुडहुडी आहे, काकडणे आहे. पण सूर्यच न दिसणाऱ्या थंड दिवसाला नेमका शब्द नाही, कारण महाराष्ट्राला तसे दिवस फारसे ठाऊकच नाहीत.

तरी महाराष्ट्राची थंडी लेचीपेची नव्हे. १७ जानेवारी १९३५ रोजी पुण्याचा पारा १.७ अंशांवर उतरला होता. मुंबईत सांताक्रूझला जानेवारी १९६२ मध्ये ७.४ अंशांची नोंद झाली. आजोबांची सरशी झाली असे वाटते न वाटते तोच नागपूर आडवे येते. तेथील १९३७ मधला ३.९ अंशांचा नीचांक २९ डिसेंबर २०१८ रोजी मोडला; पारा ३.५ वर आला. म्हणजे नागपूरचा नातूही आजोबांना तेच वाक्य ऐकवू शकतो!

अर्थात एका रात्रीचा नीचांक म्हणजे हिवाळा नव्हे. देशातील रात्री सरासरीने उबदार होत आहेत, हेही नोंदीच सांगतात. आणि आजोबांची थंडी केवळ पाऱ्याची नव्हती; कौलांच्या फटींतून येणारा वारा, एका वाकळेत तिघे भावंडे आणि सकाळच्या शाळेची अनवाणी वाट तिच्यात मिसळलेली होती. ती खोटी कशी म्हणावी?

शेतकऱ्याला मात्र आठवण पुरत नाही. वेधशाळेचा तापमापक लाकडी पेटीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटर उंचीवर असतो. तो तीन-चार अंश दाखवीत असताना जमिनीलगत दहिवर गोठलेले असू शकते. बुंदेलखंडात तेवढ्याने बटाट्याचा पाला करपतो, निफाडला द्राक्षमण्यांना तडे जातात. म्हणून निफाडचा बागाईतदार पारा घसरला की पहाटेच उठतो, बागेत जागोजागी शेकोट्या पेटवतो आणि ठिबकचे पाणी सोडून उजाडण्याची वाट पाहतो.